कायद्याचा खर्च कोण भरतो?

वसतिगृहाच्या प्रवेश-नोंदवहीत ‘प्रवेशाचे कारण’ असा एक रकाना आहे. त्यात वर्षानुवर्षे ठरावीक मजकूर लिहिला जातो. गावात माध्यमिक शाळा नाही, पालक वीटभट्टीवर स्थलांतरित, आर्थिक परिस्थिती बेताची. हे सारे खरेच असते. परंतु जून महिन्यात मुलाला घेऊन आलेली एखादी आई अर्ज भरून झाला तरी निघत नाही, थोडी रेंगाळते, आणि अधीक्षकांना बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगते, “सर, घरी अभ्यास होत नाही त्याचा. रात्री हे पिऊन आले की...” वाक्य बहुधा तेथेच थांबते. हे दुसरे कारण आम्ही रकान्यात लिहीत नाही. मुलाच्या नावापुढे ते कायमचे लिहिले जाऊ नये, असेच आम्हांला वाटते. मात्र ते कारण घेऊन आलेल्या मुलाचे जेवण, अंथरूण, वह्या आणि औषध यांचा खर्च होतोच. तो शासनाच्या अनुदानातून आणि समाजाच्या देणगीतून भागतो.

काही काळापूर्वी पालकसभेत एका ज्येष्ठ पालकांनी एक प्रश्न विचारला. स्त्रियांच्या संरक्षणासाठी एवढे कायदे झाले, अधिकारी नेमले, केंद्रे उघडली. या सर्वांचा खर्च म्हणजे अखेर आपल्याच कराचा पैसा. नवरा-बायकोच्या भांडणावर सरकारने तो का घालावा? सभेत कोणी हसले, कोणी नाराज झाले. आम्हांला तो प्रश्न अयोग्य वाटला नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणे हा नागरिकाचा हक्कच आहे. त्या दिवशी वेळेअभावी उत्तर अपुरे राहिले, म्हणून ते येथे मांडीत आहोत.

प्रथम कायदा समजून घेऊ, कारण सर्वसाधारण बोलण्यात दोन वेगळे कायदे एकाच नावाने ओळखले जातात. १९८३ साली भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ घालण्यात आले. पती किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेली क्रूरता हा गुन्हा ठरला आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा ठेवण्यात आली. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आहे. हा फौजदारी मार्ग होय. त्यात पोलीस गुन्हा नोंदवितात, तपास करतात, दोषारोपपत्र ठेवतात, आणि शिक्षा झाल्यास तुरुंगाचाही खर्च शासनच करते. दुसरा कायदा २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याचा हेतू मुळात नवऱ्याला तुरुंगात धाडण्याचा नाही. मारहाण थांबावी, स्त्रीला राहत्या घरातून कोणी बाहेर काढू नये, तिला व मुलांना निर्वाहाचा खर्च मिळावा, मुलांचा तात्पुरता ताबा मिळावा, अशा प्रकारचे आदेश न्यायदंडाधिकारी देतात. आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा ठरतो. त्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ही तरतूद केवळ पत्नीपुरतीही नाही. त्याच घरात राहणारी आई, बहीण, विधवा वहिनी, मुलगी यांनाही ती उपयोगी पडते.

आता खर्चाकडे वळू. फौजदारी मार्ग सार्वजनिक पैशाच्या दृष्टीने अतिशय महाग आहे. २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ या एका वर्षाचे आकडे नमूद केले होते. त्या वर्षी देशभरात कलम ४९८-अ खाली १,९७,७६२ व्यक्तींना अटक झाली. दोषारोपपत्र दाखल होण्याचे प्रमाण ९३.६ टक्के, तर दोषसिद्धीचे प्रमाण अवघे १५ टक्के होते. ‘कायद्याचा गैरवापर होतो’ असे म्हणणारे हेच आकडे पुढे करतात. आम्ही त्यांचा अर्थ इतक्या घाईने लावू इच्छित नाही. शिक्षा न होणे म्हणजे तक्रार खोटी ठरणे नव्हे. खटला वर्षानुवर्षे चालतो, मध्ये गावकी बसते, तडजोड होते, साक्षीदार असलेली जाऊ किंवा शेजारीण कोर्टात फिरते, आणि तक्रारदार स्त्रीलाही मुलांकडे पाहून माघार घ्यावी लागते. खोट्या तक्रारीही असतात, ते आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या कोणत्या कायद्याखाली नसतात? सरसकट अटक करू नये, असे त्याच निकालात न्यायालयाने सांगितले, आणि ते योग्यच झाले. आमचा मुद्दा वेगळा आहे. ज्या मार्गावर पोलीस, न्यायालय आणि तुरुंग या तिन्ही यंत्रणा राबतात, त्यातून त्या घरातील मुलाच्या ताटात एक भाकरीही वाढत नाही. ज्या मार्गातून ती वाढू शकते, तो २००५ चा मार्ग तुलनेने स्वस्त आहे. आणि नेमका तोच आपण उपाशी ठेवला आहे.

या दुसऱ्या कायद्याचा कणा म्हणजे संरक्षण अधिकारी. स्त्रीची तक्रार ऐकून कौटुंबिक घटना अहवाल तयार करणे, तो न्यायालयात व पोलीस ठाण्यात देणे, तिला वैद्यकीय तपासणी व निवारा मिळवून देणे, विनामूल्य वकील मिळेल असे पाहणे, न्यायालयाची नोटीस प्रतिवादीला बजावणे, आदेश पाळला जातो की नाही यावर लक्ष ठेवणे, ही सर्व कामे कायद्याने त्यांच्याकडे दिली आहेत. मुदतीही आखून दिल्या आहेत. अर्ज आल्यावर पहिली सुनावणी शक्यतो तीन दिवसांच्या आत व्हावी, नोटीस दोन दिवसांत बजावावी, आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत प्रकरण निकाली काढण्याचा न्यायालयाने प्रयत्न करावा. कागदावर याहून चांगला कायदा शोधून सापडणार नाही. परंतु कायदा करताना या अधिकाऱ्याला गाडी कोण देणार, त्याच्या हाताखाली लिपिक असणार की नाही, नोटीस घेऊन तो डोंगरातल्या वाडीवर कशाने जाणार, याचा विचार फारसा झाला नाही. महाराष्ट्रातही आरंभी अनेक ठिकाणी आधीच दुसरी कामे असलेल्या अधिकाऱ्यांकडे हे पद ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून सोपविले गेले. अतिरिक्त कार्यभाराचा अर्थ आपल्यापैकी जे शासकीय सेवेत आहेत त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

परिणाम काय झाला? १ जुलै २०२२ रोजी या कायद्याखालील सुमारे ४ लाख ७१ हजार प्रकरणे देशभरातील न्यायालयांत प्रलंबित असल्याची माहिती सर्वोच्च न्यायालयासमोर आली. जिल्ह्याला एकच संरक्षण अधिकारी असेल, तर त्याच्या वाट्याला पाचशे-सहाशे प्रकरणे येतात, याकडे न्यायालयाने २०२३ मध्ये लक्ष वेधले. पुढे २० मे २०२५ रोजी न्यायालयाने सर्व राज्यांना आदेश दिला की जिल्हा व तालुका पातळीवर महिला व बालविकास विभागातील अधिकारी शोधून, सहा आठवड्यांत त्यांना संरक्षण अधिकारी म्हणून नेमावे. कायदा लागू होऊन अठरा वर्षे उलटल्यावर असा आदेश द्यावा लागावा, यातच सारे आले.

आपल्या भागात हा प्रश्न अंतराचा होतो. जिल्ह्याची मुख्य कार्यालये अलिबागला. पेणहून वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड करीत अलिबाग सुमारे तीस किलोमीटर. रोह्याच्या आतल्या गावांना त्याहून दूर. पेण व रोहा येथे न्यायालये आहेत आणि तालुका विधी सेवा समित्याही आहेत, ही जमेची बाजू. शिवाय या कायद्याने स्त्रीला ती जेथे तात्पुरती राहते तेथेही अर्ज करण्याची मुभा दिली आहे. म्हणजे रोह्यात सासर असलेली मुलगी पेणच्या माहेरी आली असेल, तर ती पेणलाच दाद मागू शकते. ही सवलत अनेक भगिनींना ठाऊक नसते. पण अर्ज पेणला झाला, तरी नोटीस बजावण्यासाठी कोणाला तरी दुसऱ्या टोकाला जावेच लागते.

एक प्रसंग आम्ही जवळून पाहिला. स्थळ व नावे सांगण्याचे कारण नाही. आमच्या एका विद्यार्थ्याच्या आईने अर्ज केला होता. पहिल्या तारखेला ती भावाला घेऊन गेली. नोटीस बजावली गेली नव्हती, पुढची तारीख पडली. दुसऱ्या तारखेला तेच. तिसऱ्या वेळी बजावणीचा अहवाल आला, त्यात लिहिले होते की प्रतिवादी पत्त्यावर आढळला नाही. तो माणूस रोज संध्याकाळी त्याच गावच्या नाक्यावर बसलेला असे. चौथ्या तारखेपूर्वी तिच्या भावालाच सुचविण्यात आले की बजावणीसाठी जाणाऱ्या माणसाला तुम्हीच गाडी करून घेऊन जा. भावाने तसे केले. ज्याच्या बहिणीला मारले त्याच्या दारात तिच्या भावाने स्वतः गाडी घेऊन उभे राहायचे! त्यातून काय घडू शकले असते, हे कोणालाही सांगता येईल. सुदैवाने त्या दिवशी काही घडले नाही.

या चार तारखांचा हिशेब मांडून पाहू. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ या वर्षी दिवसाला ३१२ रुपये होती. तेवढीच मजुरी धरली आणि वर्षाला बारा तारखा धरल्या, तर एकट्या स्त्रीची ३,७४४ रुपयांची मजुरी बुडते. सोबत भाऊ असेल तर दोघांची मिळून ७,४८८ रुपये. हा किमान हिशेब झाला. पेण, हमरापूर, जोहे येथील गणपतीच्या कारखान्यांत रंगकाम करणाऱ्या स्त्रियांना जुलै-ऑगस्टमध्ये एक दिवस सुटणे म्हणजे वर्षाच्या मोसमातला दिवस सुटणे होय. भातलावणीच्या दिवसांत तर तारीख आली, की ती बाई कोर्टात न जाता शेतात जाते आणि तिच्या गैरहजेरीची नोंद होते.

शासनाने यातील काही भार उचलला आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. महाराष्ट्र शासनाने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ केले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रीला उत्पन्नाची कोणतीही अट न लावता मोफत वकील मिळतो. मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना निम्मे भाडे आहे. ही योजना कोर्टासाठी आणलेली नाही, परंतु तारखेला जाणाऱ्या बाईच्या कनवटीला तेवढे पैसे राहतात. या तिन्ही गोष्टींचा खर्च सार्वजनिक तिजोरीतूनच होतो. मग एवढा खर्च करणाऱ्या तिजोरीने नोटीस बजावणाऱ्या माणसाच्या प्रवासखर्चापाशी हात आखडावा, याला काय म्हणावे? तारीख फुकट गेली, की केवळ त्या बाईचा दिवस वाया जात नाही. न्यायाधीश, लिपिक, शासनाने पैसे दिलेला वकील, या सर्वांच्या पगाराचा तेवढा भाग वाया जातो. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, असा हा व्यवहार आहे. पालकसभेतील त्या ज्येष्ठांनी विचारलेल्या उधळपट्टीचे उत्तर आमच्या मते येथे आहे. उधळपट्टी आहे, पण ती कायदा राबविण्यात नसून, तो अर्धवट राबविण्यात आहे.

थोड्या पैशात चांगले काम होऊ शकते, याची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. कल्पना साधी होती. पोलिसांच्याच आवारात प्रशिक्षित समाजसेविका बसेल, आलेल्या बाईचे आधी नीट ऐकून घेईल, आणि मग तिला काय हवे ते ठरेल. नवी इमारत नाही, मोठा लवाजमा नाही. पुढे राज्य शासनाने ही कल्पना स्वीकारली. दुसरे उदाहरण मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातील ‘दिलासा’ केंद्राचे. मुंबई महापालिका व ‘सेहत’ ही संस्था यांनी ते या शतकाच्या आरंभी उभे केले. मार खाल्लेली बाई पोलीस ठाण्याच्या आधी दवाखान्यात पोहोचते आणि ‘मोरीत घसरून पडले’ असे सांगते, हे परिचारिकांना चांगलेच ठाऊक असते. त्यांनाच प्रशिक्षण देऊन, असे उत्तर आले तर पुढचा प्रश्न कसा विचारायचा हे तेथे शिकविले गेले. हे काम पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही पोहोचले. पेण आणि रोहा या दोन्ही ठिकाणी उपजिल्हा रुग्णालये आहेत. त्यांतील परिचारिकांमध्ये आपल्या माजी विद्यार्थिनीही असतील. त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा, अशी विनंती आहे.

खर्चाचा प्रश्न उलट बाजूनेही विचारता येतो. कायदा राबविलाच नाही, तर किती खर्च होतो? इंग्लंडच्या गृहखात्याने २०१९ मध्ये असा हिशेब प्रसिद्ध केला. मार्च २०१७ अखेरच्या एका वर्षात इंग्लंड व वेल्समध्ये घरगुती अत्याचाराची एकूण किंमत त्यांनी सुमारे ६६ अब्ज पौंड काढली. त्यात पोलिसांचा खर्च सुमारे १.३ अब्ज, म्हणजे शेकडा दोन. सर्वांत मोठा वाटा, सुमारे ४७ अब्ज पौंडांचा, पीडितांना सोसाव्या लागलेल्या शारीरिक व मानसिक हानीचा होता. त्याखालोखाल बुडालेल्या कामाचा. तो देश श्रीमंत आहे, त्यांचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. पण हिशेबाची रीत घेण्यासारखी आहे. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. देशपातळीवर, हिंसा सोसलेल्यांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितली होती, आणि ७७ टक्के स्त्रियांनी ना मदत मागितली ना कोणाला सांगितले. म्हणजे पोलीस, न्यायालय, संरक्षण अधिकारी या सर्वांवर जो भार आज दिसतो, तो त्या थोड्यांचा आहे. उरलेल्यांचा खर्च माहेरची माणसे, दवाखाने, सावकार आणि आमच्यासारखी वसतिगृहे गुपचूप भरीत असतात.

हा भार कोणी उचलावा, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकावर चर्चा चालली असता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणात स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारनेच सोसला पाहिजे, हे त्यांनी मान्य केले. आणि तरीही ज्या मालकाला त्या स्त्रीच्या श्रमाचा लाभ होतो, त्याला त्यातून पूर्ण मोकळे सोडले नाही. घरात घडणारी गोष्ट ही राष्ट्राच्या खर्चाची बाब असू शकते, हा विचार तेव्हा अनेकांना चमत्कारिक वाटला असेल. आज प्रसूतिरजेवर कोणी ‘नवरा-बायकोचा खाजगी मामला’ असा आक्षेप घेत नाही.

त्याच न्यायाने, सर्व भार करदात्यावर टाकावा असेही आम्ही म्हणत नाही. ज्याने नुकसान केले त्याच्याकडून ते भरून घेण्याची सोय २००५ च्या कायद्यातच आहे. बुडालेली मजुरी, औषधोपचार, मुलांचा निर्वाह यांचा खर्च न्यायालय प्रतिवादीवर लादू शकते. त्याने तो दिला नाही, तर त्याच्या मालकाला किंवा ज्याच्याकडून त्याला पैसे येणे आहेत त्याला, पगारातून किंवा येण्यातून ती रक्कम थेट स्त्रीला देण्याचा आदेश देता येतो. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत किंवा अन्यत्र नियमित पगारावर असलेल्या माणसाच्या बाबतीत ही तरतूद फार परिणामकारक ठरू शकते. ती मागण्याचे मात्र वकिलाला आठवण करून द्यावे लागते, असा आमचा अनुभव आहे. नागपूरहून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. निर्वाहाची रक्कम आदेशाच्या तारखेपासून नव्हे, तर अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यावी. त्यामुळे प्रकरण लांबविण्यात प्रतिवादीचा फायदा राहत नाही.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी पोलीस दलात आहेत, कोणी वकील, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, शिक्षक आहेत. त्यांच्यासाठी काही गोष्टी थोडक्यात नोंदवितो. महिलांसाठी हेल्पलाइन १८१, तातडीच्या मदतीसाठी ११२, मोफत कायदेशीर साहाय्यासाठी १५१००. ‘सखी’ नावाची वन स्टॉप सेंटरे १ एप्रिल २०१५ पासूनच्या केंद्रीय योजनेतून चालतात. तेथे तात्पुरता निवारा, समुपदेशन व कायदेशीर सल्ला एकाच ठिकाणी मिळतो. कौटुंबिक घटना अहवालासाठी पैसे लागत नाहीत, आणि आदेशाची प्रतही न्यायालयाने विनामूल्य द्यावयाची असते. पीडित व्यक्ती बालक असेल, तर प्रतिवादीने त्याच्या शाळेत येऊ नये, असाही आदेश न्यायालय देऊ शकते. ही शेवटची तरतूद आम्हांला एका रात्री वसतिगृहाच्या फाटकाशी उभे राहून शिकावी लागली.

वर ज्या विद्यार्थ्याच्या आईचा उल्लेख केला, तिला पुढे अंतरिम आदेश मिळाला. रक्कम मोठी नाही, दरमहा येतेच असेही नाही. मुलगा मात्र वसतिगृहातच आहे, आणि आता सातवीत आहे. वसतिगृहात प्रवेश-नोंदवहीशिवाय एक रजा-नोंदवहीही असते. तीत त्याच्या नावापुढे गेल्या वर्षी पाच वेळा रजेचे कारण त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: ‘आईची तारीख’.